डॅशच्या जागी टक

इंग्रजीतली गाळलेली जागा आमच्या घरात वाजायची. लोकांच्या घरात ती नुसती कागदावर असते, एक आडवी रेघ, बस. आमच्याकडं बाबा वाक्य मोठ्यानं वाचायचे आणि रेघ आली की बोट दुमडून दिवाणाच्या फळीवर टक वाजवायचे. "द मॅनेजर वॉज सो टक दॅट नोबडी डेअर्ड टू आस्क हिम." मी समोर बसून मेथी निवडत असले तर मेथी निवडता निवडता म्हणायची, "खडूस!" बाबा चष्म्यावरून बघायचे. "बरं. आता पर्याय वाचू का?" "वाचा." मग ते त्यांच्या उच्चारात चार शब्द वाचायचे आणि त्यातला खडूसच्या सगळ्यात जवळचा शब्द मी धरायची.

आई म्हणायची, "शेजारीन इचारायलीय, घरात सुतार लावलाय का म्हणून. काय सांगू तिला?"

"सांग, पोरगी बँकेत लागायलीय म्हणून," बाबा म्हणायचे, आणि पुढचं वाक्य.

हे असं का सुरू झालं ते आधी सांगते, नाहीतर वाटंल की घरातले सगळे येडे आहेत. मी बँकेच्या क्लार्कची परीक्षा द्यायची. दरवर्षी द्यायची म्हणा ना. त्या परीक्षेत इंग्रजी, गणित आणि बुद्धिमत्ता असे तीन भाग असतात आणि तिन्ही भागांत वेगवेगळं पास व्हावं लागतं. एकात गेलं की बाकीचे दोन चुलीत. माझं गणित निघायचं, बुद्धिमत्ता निघायची, आणि इंग्रजीत मी दरवर्षी आपटायची. त्यातही उताऱ्यात नाही, चुका शोधण्यात नाही. गाळलेल्या जागा! पाचवीतल्या पोराला देतात ते. वाक्यात एक शब्द नसतो, खाली चार-पाच शब्द असतात, एक उचलून ठेवायचा. एवढंच काम. आणि तेवढंच मला जमायचं नाही.

कारण मला माहीत होतं. मी वाक्य वाचायच्या आधीच माझे डोळे खाली पर्यायांवर जायचे आणि तिथला सगळ्यात अवघड दिसणारा शब्द मला ओढायचा. एकदा असं वाक्य होतं की माणूस श्रीमंत असूनही अमुक तमुक आयुष्य जगत होता. पर्यायात 'सिंपल' होता, आणि 'ऑस्टेन्टेशियस' होता. मी ऑस्टेन्टेशियस केलं. नंतर अर्थ बघितला तर भपकेबाज! म्हणजे बरोबर उलटा. पण परीक्षेत बसल्यावर मला वाटायचं, एवढी मोठी बँक, एवढी लाखो पोरं, आणि उत्तर सिंपल असणार? मला येतो तो शब्द उत्तर असूच शकत नाही, असं माझ्या मनानं घेतलं होतं. कुणी शिकवलं नव्हतं हे. लहानपणापासून कुठंही गेलं की आपल्याला माहीत असलेली गोष्ट चूकच निघायची, त्यातून आलं असंल.

परभणीत मी ज्या क्लासला जायची तिथल्या सरांनी सांगितलं, "पर्यायावर तळहात ठेवा. आधी वाक्य. वाक्याला स्वतःचा शब्द द्या, मराठीत दिला तरी चालंल. मग हात काढा आणि आपल्या शब्दाचा भाऊ हुडका." ऐकायला किती सोपं! पण माझे डोळे बोटांच्या फटीतून खाली जायचे. हे मी घरी चिडचिड करून सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "मंग तू बगूच नको. मी वाचतो."

बाबा रेल्वेत गँगमन होते. रूळ ठोकण्यात आयुष्य गेलं, रिटायर होऊन परभणीजवळ पूर्णा गावातच राहिले. इंग्रजी त्यांनी स्टेशनच्या पाट्यांवरून आणि ऑफिसच्या नोटिसांवरून जुळवून जुळवून आत्मसात केलं होतं. अर्थ फारसा कळायचा नाही, पण अक्षर सोडायचे नाहीत. 'नॉलेज'ला ते क्नोवलेज म्हणायचे. मी एकदा हसले तर म्हणाले, "के छापलाय तर वाचावा लागंल ना. फुकट छापलाय का?" संध्याकाळी विहारातली वंदना झाली की ते घरी येऊन हातपाय धुवायचे, चष्मा पुसायचे आणि दिवाणावर मांडी घालून माझं पुस्तक उघडायचे. आधी रेघ आली की ते "डॅश" म्हणायचे. पण एका वाक्यात दोन दोन डॅश आले की त्यांचं त्यांनाच कळंना, वाक्य कुठं संपलं. मग टक सुरू झालं. एक रेघ असली की एक टक, दोन असल्या की दोन जागी दोन. रूळ ठोकलेला हात होता तो. फळी अशी वाजायची की टक नंतरच्या शांततेत शब्द आपोआप यायचा.

आणि खरंच यायला लागला! एक दोन महिन्यांत माझ्या सराव पेपरात इंग्रजी निघायला लागलं. मी एकटी सोडवत असले तरी डावं बोट आपसूक टेबलावर टक करायचं, डोळे तिथंच थांबायचे, शब्द यायचा, मगच मी खाली बघायची. मला वाटलं, चला, सुटली एकदाची.

आता खरी भीती सांगते. ती शेवटची वेळ होती. वयाची अट त्या वर्षी संपत होती. पुढच्या वर्षी माझा फॉर्म कॉम्प्युटरनंच घेतला नसता. आणि हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, कारण मी कामच ते करायची. परभणीत बसस्टँडजवळ एका दुकानात मी लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरायची. रोज पूर्ण्याहून गाडीनं जायची, गाडीनं यायची. समोर पोरं पोरी बसायच्या, मी विचारायची, "जन्मतारीख?" आणि त्या सांगायच्या. दरवर्षी ते साल पुढं पुढं जायचं. ज्या सालात मी दहावीची परीक्षा दिली त्या सालात जन्मलेली पोरगी एकदा अकरावीचा फॉर्म भरायला आली, मला 'काकू' म्हणाली. मी तिचा फोटो इतका चिडून अपलोड केला की आडवाच झाला, परत करावा लागला.

लग्नाचं म्हणाल तर ते एकदा मोडलं होतं आणि त्यानंतर मीच बोलणी थांबवली होती. आईबाबांनी मला त्यावरून कधी टोचलं नाही. बाकी वस्तीनं ती कसर भरून काढली. "काय गं, अजून अभ्यासच करायलीस का?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला की उत्तर द्यायचं सोडून मी नुसती दात दाखवायची. बँक लागली तर ही सगळी तोंडं बंद. नाही लागली तर मी जन्मभर दुसऱ्यांच्या जन्मतारखा टाइप करणार. इतकं साधं होतं ते गणित.

परीक्षेच्या आठवड्यात मी अर्धी भाकरी ताटात टाकून उठायची. बाबा उलट खुशीत होते. "आता तुजं इंग्रजी म्हंजे पक्की लाईन," म्हणायचे, "गाडी घसरायचं कामच न्हाई."

परीक्षेच्या दिवशी बाबाही सोबत आले. मी म्हणलं, कशाला तकलीफ घेता, बाहेर उन्हात बसावं लागंल. ते म्हणाले, "उन्हात बसायची मला सवय हाय, तुला नसंल." परभणीच्या बाहेर एका सेंटरवर नंबर होता. ऑटोतून उतरलो तर गेटवर ही गर्दी. ओळखपत्र, फोटो, अंगठा, कानातले काढा, धागा काढा, ओढणीची पिन काढा. माझ्या हातातला दोरा तपासणीच्या बाईंनी कात्रीनं कापला. बाबांनी लांबून हात वर केला. मी बघून न बघितल्यासारखं केलं, नाहीतर रडले असते.

आत लांबच लांब टेबलं होती, एकेका टेबलावर ओळीनं कॉम्प्युटर, मध्ये पातळ पुठ्ठ्याचे आडोसे. माझ्या उजवीकडं एक पोरगी होती, असंल विशी-बाविशीची, केसांना तेल लावून घट्ट वेणी घातलेली. तिनं माझ्याकडं बघून घाबरतच हसल्यासारखं केलं. मीही केलं. मग स्क्रीनवर घड्याळ सुरू झालं आणि इंग्रजी उघडलं. प्रत्येक भागाला वेगळा वेळ असतो. तो संपला की स्क्रीन आपोआप पुढच्या भागात जाते, मागं येता येत नाही.

उतारा बरा होता. मग आल्या गाळलेल्या जागा. पहिलं वाक्य वाचलं, रेघेवर आले, डावं बोट टेबलावर गेलं. टक. शब्द आला. खाली बघितलं, त्याचा भाऊ तिथं बसलेलाच होता. क्लिक. पुढचं वाक्य, टक, क्लिक. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पुढच्या वाक्यात दोन रेघा होत्या. टक. टक. दोन्ही शब्द आले.

"मॅडम, काय चाललंय?"

मी मान वर केली. सुपरवायझर माझ्या खुर्चीच्या मागं उभे होते.

"काही नाही सर."

"काही नाही कसं? कधीपासून ऐकतोय मी. एकदा वाजवलं की पहिला पर्याय, दोनदा वाजवलं की दुसरा, असंच ना? कुणाला सांगताय?" आणि ते उजवीकडच्या त्या पोरीकडं बघायला लागले. त्या बिचारीच्या तोंडचं पाणी पळालं.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की बाहेरून हे कसं दिसत असंल. एक टक, एक टक, मग दोन टक. मी जरी सुपरवायझर असते तरी मला हेच वाटलं असतं. पण सांगायचं काय? मी तोंड उघडलं. "सर, ते गाळलेली जागा आली की मी वाजवते."

"काय करता?"

"रेघ आली की वाजवते. सवय आहे. घरी बाबा..." आणि मी थांबले, कारण पुढचं वाक्य त्या हॉलमध्ये बोलण्यासारखंच नव्हतं. माझे बाबा दिवाण वाजवतात म्हणून मी टेबल वाजवते! आजूबाजूची तोंडं वळली होती. स्क्रीनवर घड्याळ पळतच होतं, त्याला कुणाचं काय.

सुपरवायझरनं खिशातून कागद काढला, माझ्या स्क्रीनवरून माझा रोल नंबर लिहून घेतला, मग त्या पोरीचाही घेतला. "परत आवाज आला तर दोघींनाही उठवीन. आणि वर काय कळवायचं ते पेपर झाल्यावर बघू." ते चार पावलं गेले आणि तिथंच उभे राहिले, माझ्याकडं तोंड करून.

मी डावा हात मांडीखाली दाबून धरला. उजवा माऊसवर ठेवला. पुढचं वाक्य वाचलं. रेघ आली आणि तिथं काहीच झालं नाही. नुसती रेघ. डोळे घसरून थेट खाली गेले, जसे दरवर्षी जायचे. तिथं पाच शब्द, त्यातले दोन मी जन्मात बघितले नव्हते, आणि त्यातलाच एक मला ओढायला लागला. मी तो क्लिक केला. मग पुढच्याला तसंच. वाक्य काय होतं तेही आठवंना. मनात म्हणलं, संपलं. गेली परीक्षा. आता दुकानात जाऊन बस आणि लोकांना विचार, जन्मतारीख?

मग मला राग आला. सुपरवायझरचा नाही, तो त्याचं काम करत होता. माझाच आला. अगं, बोट बांधलंय तुझं, डोकं कुठं बांधलंय? मी वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि रेघ आली तशी डोळे मिटून घेतले. गच्च. डोळे मिटायला तर बंदी नव्हती! अंधारात बाबांचा आवाज आला, त्यांच्या त्या के सकट वाचायच्या आवाजात, आणि ते थांबले, आणि शब्द आला. मी मागं गेले, दोन्ही चुकलेली उत्तरं बदलली. मग तसंच करत गेले. वाचायचं, रेघेवर डोळे मिटायचे, शब्द आला की उघडायचे. बघणाऱ्याला वाटलं असंल बाईला झोप यायलीय.

एक वाक्य अजून आठवतं. मुलाखतीच्या आधी ती इतकी अमुक होती की तिला जेवण जाईना. माझा शब्द तयारच होता, घाबरलेली, मी आठवडाभर तेच जगत होते. पर्यायांत 'नर्व्हस' होता. बाकीचे चारही एकापेक्षा एक भारी, लांबलचक. आणि परत तेच मनात, एवढा साधा असंल का? नर्व्हस तर आमच्या वस्तीत बारक्या पोरीही म्हणतात! माऊस वरखाली झाला. पण त्या दिवशी मी म्हणलं, होय, असंल. मला येतो म्हणून तो चूक ठरत नाही. नर्व्हसवर क्लिक केलं आणि वेळ संपला, स्क्रीन आपोआप पलटली.

गणित उघडलं. माझा हातखंडा विषय. इथं माझा जीव भांड्यात पडायचा दरवर्षी. पण मागं बूट वाजले आणि डोक्यातला आकडा गेला. पुन्हा मांडला, पुन्हा बूट. मला वाटायचं, आता खांद्यावर हात पडणार, आता म्हणणार, उठा. नंबर वर कळवला तर काय होतं? पेपर रद्द करतात का? पोलिसात देतात का? आणि त्या बिचाऱ्या पोरीचं काय, तिनं तर काहीच केलं नव्हतं. जे गणित मी गाडीत उभ्या उभ्या तोंडी सोडवायची ते तीन तीनदा वाचत होते. शेकड्याचं, नफ्यातोट्याचं, साधी साधी गणितं. कच्च्या कागदावर आकडे लिहायचे, बूट वाजले की थांबायचं, बूट गेले की आकडे कशाचे ते आठवायचं. किती सोडून दिली ते मी मोजलं नाही, मोजायची हिंमतच झाली नाही. बुद्धिमत्तेपर्यंत जरा श्वास आला, तो भाग बरा गेला.

पेपर संपल्यावर सुपरवायझर माझ्याजवळ आलेच नाहीत. कागद खिशात घालून दुसऱ्या दारानं निघून गेले. पुढं त्या नंबराचं काही झालं नाही, पण ते तेव्हा मला कुठं माहीत?

जिन्यावरूनच मी ठरवलं की बाबांना हे सांगायचं नाही. त्यांना कळलं तर ते मनाला लावून घेणार. बाबा गेटसमोर कडुलिंबाखाली बसले होते, उकडलेल्या शेंगांची पुडी घेऊन. मला बघून उठले. "कसा गेला?"

"चांगला गेला बाबा."

"इंग्रजी?"

"लय चांगलं."

तेवढ्यात ती वेणीवाली पोरगी आली. तिला बोलायचंच होतं कुणाशी तरी, इतकी घाबरली होती ती. "ताई, बाई गं, माजा तर जीवच गेला होता! आपलं काय करतेत ओ आता?" आणि मी डोळ्यांनी नको नको म्हणेपर्यंत बाबांकडं वळून म्हणाली, "काका, ताई टेबल वाजवायलती टक टक, सरला वाटलं आमी कॉपी करायलाव. दोघीचा बी नंबर लिहून घेतला."

बाबांनी तिला शेंगा दिल्या. ती गेल्यावर मला म्हणाले, "टक टक?"

"काई न्हाई बाबा. उगंच एकदा बोट लागलं टेबलाला."

"नंबर कामून घेतला मंग?"

"सगळ्यांचाच घेतेत."

त्यांनी मान हलवली. त्यांना पटलं नाही हे मला दिसत होतं. पूर्ण्यापर्यंत गाडीत ते खिडकीबाहेर बघत बसले. उजवा हात त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातला होता, उतरेपर्यंत काढला नाही.

त्यानंतरचे दिवस मला परीक्षेपेक्षा जड गेले. ही पास झाले तर पुढं मुख्य परीक्षा असते, तिची तयारी सुरू ठेवायची होती म्हणून मी संध्याकाळी पुस्तक घेऊन त्यांच्यासमोर बसले. म्हणलं, वाचा बाबा. ते म्हणाले, "न्हाई, तू आता मनातल्या मनातच वाच. मला खोकला हाय." खोकला बिकला काही नव्हता. रोज काहीतरी कारण. डोळे दुखायलेत, उजेड कमी हाय. घरात ते अगदी हळू वावरायला लागले. तांब्या ठेवताना दोन्ही हातांनी ठेवायचे. दाराची कडी लावताना मध्ये रुमाल धरायचे, वाजू नये म्हणून. जन्मभर लोखंडावर लोखंड आपटलेला माणूस!

आई मला स्वयंपाकघरात धरून म्हणाली, "ह्यान्ला काय झालंय गं? काई बोलली का तू?"

"मी काय बोलणार?"

"मंग मुक्यावानी कामून करायलेत?"

मी तिला सगळं सांगितलं. तिनं हातातलं लाटणं बाजूला ठेवलं. म्हणाली, "इंग्रजी निघू दे म्हणावं. तेवढं निघू दे." बँकेचं नावही घेतलं नाही तिनं.

मग मलाही तेच वाटायला लागलं. आधी मला फक्त नोकरीची भीती होती. आता तिच्यावर दुसरी बसली. इंग्रजीत गेले, तर बाबा मरेपर्यंत म्हणत राहणार की पोरीचं वाटोळं माझ्या बोटानं झालं. तोंडानं म्हणणार नाहीत, कडीला रुमाल धरत राहतील. एखाद्या दिवशी दुकानात काम करताना मध्येच माझी बोटं कीबोर्डवर थांबायची आणि समोरचा पोरगा विचारायचा, "मॅडम, सर्व्हर डाऊन हाय का?"

निकाल दुकानातच लागला. म्हणजे दुसऱ्याच कुणाचा तरी निकाल काढता काढता मला दिसलं की आपलाही लागलाय. मालक चहाला गेले होते. मी नंबर टाकला, जन्मतारीख टाकली, आणि स्क्रीनवरची सगळी अक्षरं हातानं झाकली. मग वरून एक एक ओळ उघडत आले. इंग्रजी. आकडा बघितला, बाजूचा कटऑफचा आकडा बघितला. निघालं होतं. चांगलं निघालं होतं! मी खुर्चीवरून उठलेच. मग हात अजून खाली सरकवला. गणित. ते कटऑफच्या खाली होतं, थोडंसंच, पण खाली. सगळ्यात शेवटी लिहिलेलं वाचायची गरजच नव्हती, तरी वाचलं. नापास म्हणायची त्यांची एक सभ्य पद्धत असते.

बस. झालं. माझ्यापुरतं ते दार कायमचं लागलं. मी मोबाईलवर त्याचा फोटो काढला, स्क्रीन बंद केली आणि समोरच्या बाईला विचारलं, "तुमचं काय भरायचंय?" संध्याकाळच्या गाडीत बसायला जागा होती तरी मी दारात उभी राहिले. रडू आलं ते तिथं वाऱ्यात रडून घेतलं. पूर्ण्याला उतरून नळावर तोंड धुतलं.

बाबा दिवाणावर बसले होते. आई चुलीपाशी... गॅसला ती अजून चूलच म्हणते. बाबांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि ओळखलं.

"लागला?"

"लागला."

"न्हाई ना झालं?"

"न्हाई बाबा."

ते खाली बघायला लागले. उजवा हात त्यांनी डाव्या हातात धरला. मग इतक्या हळू विचारलं की मला ओठांवरूनच कळलं. "इंग्रजी?"

"इंग्रजी निघालं बाबा! गणितात गेले."

"खोटं नको बोलू."

मी मोबाईल त्यांच्यापुढं धरला. त्यांनी चष्मा पुसला, मोबाईल डोळ्याजवळ नेला आणि एक एक अक्षर जुळवत वाचलं. इंग्लिश. मग आकडा. मग कटऑफ. पुन्हा आकडा. मग गणिताची ओळ वाचली, ती एकदाच. आणि त्यांच्या छातीतून एवढा मोठा श्वास बाहेर आला की आई वळून बघायला लागली.

"ऐकलं का गं," ते आईला म्हणाले, आणि ते हसत होते, खरंच हसत होते, डोळ्यांत पाणी घेऊन, "इंग्रजीत पास हाय पोरगी! गणितात गेली! गणित काय मी शिकवलं न्हवतं!"

मला त्यांचा राग यायला हवा होता. माझी बँक गेली, माझं वय गेलं, आणि हा माणूस हसतोय. पण इतक्या दिवसांनी त्यांचा मोठा आवाज ऐकला आणि मला तो आणखी ऐकावासा वाटला. आई हसली नाही. ती माझ्याकडंच बघत होती. शाळेपासून माझे गणिताचे पेपर तिनं पत्र्याच्या पेटीत ठेवले आहेत.

मग बाबांचं हसू थांबलं. काहीतरी त्यांच्या ध्यानात आलं. मोबाईल मांडीवर ठेवून त्यांनी विचारलं, "पर गणित तर तुजं पक्कं हाय की. ते कसं काय गेलं?"

बूट, मांडीखाली दाबलेला हात, सारखी मागं वळू बघणारी मान. सगळं तोंडाशी आलं.

"न्हाई बाबा," मी म्हणलं, "गणित माझं कच्चंच होतं. तुमाला कधी बोलले न्हाई."

"असू दे," बाबा म्हणाले. "इंग्रजी तर निघालं."